२५ हजारांत लॅपटॉप : नवा सेलेरॉन घ्यावा, की आठव्या जनरेशनचा जुना ऑफिस लॅपटॉप?

निरगुडी
भाचीला पॉलिटेक्निकला, कॉम्प्युटर शाखेत प्रवेश मिळालाय. बजेट २५ हजार, ताणून २७. वापर असा: सी आणि जावा, पुढे मायएसक्यूएल, प्रॅक्टिकलच्या फायली वर्डमध्ये, थोडं मराठी टायपिंग, बाकी ब्राउझर आणि व्हिडिओ लेक्चर. डिप्लोमाची तीन वर्षं निघाली पाहिजेत.

समोर दोन पर्याय आहेत.
१) नवा : सेलेरॉन एन४०२० (इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर), ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी (स्वस्त, संथ साठवण), विंडोज ११, एक वर्षाची कंपनी वॉरंटी.
२) रिफर्बिश्ड (वापरलेला, ठीकठाक करून पुन्हा विकलेला) : डेल लॅटिट्यूड ७४९०, आय५-८३५०यू (इंटेलचा आठव्या जनरेशनचा, म्हणजे आठव्या पिढीचा प्रोसेसर), ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी (वेगवान साठवण), विंडोज १०, दुकानाची तीन महिन्यांची वॉरंटी.

घरच्यांचं म्हणणं, "विंडोज १० बंद झालंय, प्रोसेसर २०१७ सालचा, पैसे देऊन जुनं कशाला आणायचं?" मी दुसऱ्याकडे झुकलोय. जुन्या प्रोसेसरची रेषा नेमकी कुठे ओढायची आणि दुकानात उभं राहून काय काय तपासायचं, हे जाणकारांनी सांगावं.

कळफलक
दुसरा. डोळे मिटून नाही, तपासून. पण दुसराच.

ट्रान्झिस्टर
कळफलक यांच्याशी सहमत. कारणं सविस्तर लिहितो, कारण "नवं ते चांगलं" ही समजूत पुसायला आकडे लागतात.

एन४०२० हा २०१९ च्या अखेरीचा प्रोसेसर. दोन कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), दोन थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), ६ वॉट. आय५-८३५०यू २०१७ चा. चार कोअर, आठ थ्रेड, १५ वॉट. म्हणजे "नव्या" डब्यातला प्रोसेसर वयाने फक्त दोन वर्षांनी लहान आहे आणि ताकदीने निम्म्याहूनही कमी. खोक्यावरचं विंडोज ११ चं स्टिकर एवढंच सांगतं की ते त्यावर चढतं. पळेल असं ते म्हणत नाही.

त्याहून वाईट म्हणजे ईएमएमसी. ती मदरबोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे डाख देऊन पक्की बसवलेली असते, वेगाने साध्या साटा एसएसडीच्याही मागे. विंडोजचा मोठा अपडेट आला की त्याला तात्पुरती मोकळी जागा लागते. ६४ जीबीमध्ये विंडोज, ऑफिस, जावाचं किट आणि मायएसक्यूएल एवढं बसलं की ती जागा उरत नाही, अपडेट अर्ध्यावर फसतो आणि पुन्हा पुन्हा डाउनलोड होत राहतो. रॅमही बहुतेक वेळा सोल्डर केलेली. ४ जीबी घेतलं तर मरेपर्यंत ४ जीबी.

सांजवारा
विंडोज १० बद्दल तारखा स्पष्ट करते, कारण "बंद झालं" म्हणजे मशीन सुरूच होत नाही असा अर्थ अनेकजण काढतात.

विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. मशीन चालू राहतं, पण नवीन सापडलेली भोकं बुजवली जात नाहीत. घरगुती वापरासाठी वाढीव अपडेट्सची योजना आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती लागते. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला की पैसे पडत नाहीत.

पण निरगुडी यांना याची गरजच नाही. आय५-८३५०यू विंडोज ११ च्या अधिकृत यादीत आहे. दुकानदाराने १० टाकून दिलं असेल तर ११ वर नेणं हे एका संध्याकाळचं काम. जुनी ऑपरेटिंग सिस्टीम ही खरी अडचण नाही, ती बदलता येते. प्रोसेसर बदलता येत नाही. म्हणून आधी प्रोसेसर बघायचा.

ट्रान्झिस्टर
रेषा कुठे ओढायची, त्याबद्दल.

इंटेलमध्ये आठवं जनरेशन. याला दोन कारणं आहेत. एक, विंडोज ११ ची यादी तिथून सुरू होते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: लॅपटॉपच्या 'यू' मालिकेत सातव्यापर्यंत आय५ म्हणजे दोन कोअर होते, आठव्याला ते चार झाले. आय५-७२००यू आणि आय५-८२५०यू यांच्या नावात थोडाच फरक, पण आत निम्मे-दुप्पट.

उलट आठव्याहून दहाव्यावर जाण्यासाठी जास्त पैसे मोजू नका. आय५-१०२१०यू हाही चार कोअरचाच, त्याच १४ नॅनोमीटरवर बनलेला. फार थोडा वेगवान. तो फरक रॅमवर खर्च केलेला बरा.

एएमडीमध्ये रायझन ५ ३५००यू यादीत आहे, २५००यू नाही. दोन्ही चार कोअरचे, दुकानात शेजारी-शेजारी दिसतात, त्यामुळे इथे हमखास गल्लत होते.

पाटावरवंटा
जाहिरातीत नुसतं "कोअर आय५, १६ जीबी, एसएसडी" एवढंच लिहितात. जनरेशन कसं ओळखायचं?

कळफलक
@पाटावरवंटा, डॅशनंतरचा आकडा वाचा. चार आकडी असेल तर पहिला अंक म्हणजे जनरेशन: ६३०० सहावं, ८३५० आठवं. १०२१० सारखा पाच आकडी असेल तर पहिले दोन, म्हणजे दहावं. ११३५जी७, १२३५यू यांत चारच आकडे असले तरी सुरुवात ११, १२ ने होते, ती अकरावी-बारावी. शेवटी 'एम' असेल (उदा. आय५-३३२०एम) तर ते चौथ्या किंवा त्याआधीचं, सोडून द्या.

एएमडीत २०२३ पासून नवी गंमत आहे. रायझन ३ ७३२०यू हे नाव ऐकून सातव्या मालिकेचा ताजा प्रोसेसर वाटतो. पण तिथे तिसरा अंक आतली रचना सांगतो. '२' म्हणजे झेन २, ती रचना मुळात २०१९ ची. चिप वाईट नाही, चार कोअर आठ थ्रेड आहेत. मात्र तिच्याबरोबर रॅम कायम सोल्डर केलेली येते. ८ जीबीवाला घेतला तर ८ वरच राहणार.

रानजाई
एक सावधानता, जी अजून कुणी लिहिली नाही. मॉडेलच्या नावावर विसंबू नका. लॅटिट्यूड ५४९० आणि ७४९०, एलिटबुक ८४० जी५ ही "आठव्या जनरेशनची मॉडेलं" म्हणून विकली जातात, पण हीच मॉडेलं सातव्या जनरेशनच्या आय५-७३००यू वरही निघाली होती. बाहेरून तंतोतंत सारखी. दुकानदारालाही कधीकधी ठाऊक नसतं, कारण त्याच्याकडे लॉट येतो तो मॉडेलच्या नावाने. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स, मग सीपीयू. तिथे कोअर ४ आणि लॉजिकल प्रोसेसर ८ दिसले पाहिजेत. २ आणि ४ दिसले तर सातवं.

डोंगरवाट
थोडा विरोधी सूर लावतो. सगळे वॉरंटी विसरलात. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुलीचा लॅपटॉप चौथ्या महिन्यात बंद पडला तर तो पुण्याला किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला कोण नेणार? नव्या मशीनला कंपनीचा माणूस घरी येतो. जुन्यात मदरबोर्ड गेला की खेळ संपला. दुरुस्तीचा आकडा ऐकून लोक दुसरा जुना घेतात. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सी आणि जावाच लिहितो ना? त्याला सेलेरॉन पुरतो. टर्बो सी (सी शिकायचं जुनं सॉफ्टवेअर) तर डॉसबॉक्समध्येही (जुने प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) पळतं.

ट्रान्झिस्टर
@डोंगरवाट, वॉरंटीचा मुद्दा रास्त. मदरबोर्डचा धोका आहेच, तो नाकारत नाही. पण सेलेरॉन पुरतो हे पटत नाही. टर्बो सी पळेल. पण दुसऱ्या वर्षी एका बाजूला आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर), दुसऱ्या बाजूला मायएसक्यूएल सर्व्हर आणि मध्ये ब्राउझरचे दहा टॅब असे ४ जीबीत उघडले की सगळा भार ईएमएमसीवरच्या स्वॅप फाइलवर (रॅम भरली की तिच्याऐवजी वापरली जाणारी डिस्कवरची जागा) जातो. टाइप केलेलं अक्षर दोन सेकंदांनी उमटतं. अँड्रॉइड स्टुडिओला तर अधिकृत किमान गरजच ८ जीबी आहे. वॉरंटीत हे दुरुस्त होत नाही, कारण वॉरंटीच्या भाषेत हा बिघाडच नाही.

रानजाई
डोंगरवाट यांच्या शंकेला माझं उत्तर वेगळं आहे. ऑफिससाठी बनलेल्या मालिका (थिंकपॅड टी, लॅटिट्यूड ५००० आणि ७०००, एलिटबुक ८००) घेण्याचं कारणच दुरुस्ती हे आहे. खालचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं. आत रॅम, एसएसडी, वायफाय कार्ड, बॅटरी, पंखा सगळं सुटं. या कंपन्या सर्व्हिस मॅन्युअल उघडपणे देतात, कोणता स्क्रू कुठला हे चित्रासकट. या मालिका हजारोंनी विकल्या गेल्यामुळे सुटे भागही मिळतात. तालुक्याच्या गावचा मोबाइल दुरुस्त करणारा मुलगाही बॅटरी बदलू शकतो.

फक्त रॅमच्या खाचा बघून घ्या, त्या मॉडेलप्रमाणे बदलतात:
थिंकपॅड टी४७०, टी४८०, लॅटिट्यूड ५४९० आणि ७४९०, एलिटबुक ८४० जी५ : दोन खाचा.
टी४७०एस, टी४८०एस : थोडी रॅम सोल्डर केलेली, एक खाच.
थिंकपॅड एक्स२७० : एकच खाच.
एक्स२८०, एक्स१ कार्बन : सगळी सोल्डर. ८ जीबीचा घेतलात तर विषय संपला.

दिसायला एक्स२८० सगळ्यात गोंडस, हलका. विद्यार्थ्यांना तोच आवडतो. १६ जीबीचा मिळाला तरच घ्या.

सांजवारा
आणि रॅम असेल तर दोन पट्ट्यांत असू द्या. या मशीनमधल्या यूएचडी ६२० ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ती रॅममधूनच घेते. ८ ची एक पट्टी म्हणजे एकच मार्ग, ४+४ किंवा ८+८ म्हणजे दोन मार्ग. बाहेरचा मॉनिटर लावला की फरक जाणवतो. पट्टी डीडीआर४ (रॅमचा प्रकार), सोडिम (लॅपटॉपचा आकार), २४०० ची (वेग). २६६६ किंवा ३२०० ची लावली तरी चालते, ती २४०० वर उतरून काम करते.

काथ्याकूट
दुकानात हातात पेनड्राइव्ह घेऊन गेलं की दुकानदार आपणहून चांगला पीस आतून काढतो म्हणे :)

कळफलक
@काथ्याकूट, खरंच काढतो. पेनड्राइव्ह न्याच, त्यावर लिनक्स मिंट (मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) लाइव्ह ठेवा. बूट मेनू उघडायला डेल आणि थिंकपॅडला एफ१२, एचपीला एफ९. मिंट डिस्कवर काहीही न लिहिता पेनड्राइव्हवरून चालू होतं, त्यामुळे दुकानदारही हरकत घेत नाही. वायफाय, आवाज, कॅमेरा, यूएसबी, स्क्रीन, सगळं दहा मिनिटांत तपासून होतं. दुकानातल्या विंडोजमध्ये काही लपवलं असेल तर तेही उघडं पडतं.

आता क्रमाने तपासणी.

बायोस (मशीन सुरू होतानाची मूळ सेटिंग्ज) : डेलला एफ२, एचपीला एफ१०, थिंकपॅडला एफ१. आत शिरून एखादं साधं सेटिंग बदलून सेव्ह करून बघा. पासवर्ड मागितला तर मशीन तिथेच ठेवा. कंपनीने लावलेला अॅडमिन पासवर्ड असतो तो. थिंकपॅड आणि एचपीत तो काढणं म्हणजे बोर्डावर चिप काढण्यापर्यंतचं काम. दुकानदार म्हणेल, "वापरताना काही अडत नाही." अडतं. सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी), टीपीएम (सुरक्षेची चिप), बूट क्रम काहीच बदलता येत नाही, आणि विंडोज ११ ला नेमकं तेच लागतं.

बॅटरी : कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, जागा, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट (सलग). एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडते. डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी हे दोन आकडे घ्या. दुसऱ्याला पहिल्याने भागा. ०.६ च्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. आणि मशीन टेबलावर सपाट ठेवून टचपॅड दाबून बघा. तो वर आलेला वाटला, क्लिक घट्ट झाली असेल, तर खाली बॅटरी फुगलेली आहे. फुगलेली बॅटरी वापरायची नाही आणि टोचायचीही नाही.

एसएसडी : क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं सॉफ्टवेअर. हेल्थची टक्केवारी आणि पॉवर ऑन अवर्स बघा. अनोळखी नावाची लोकल एसएसडी असेल तर तिच्यावर भरवसा ठेवू नका, ओळखीच्या कंपनीची मागा.

विंडोजचं लायसन्स : कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर, जागा, स्लॅश, एक्सपीआर. "कायमचं अॅक्टिव्हेटेड" आलं तर ठीक. अमुक तारखेला संपेल असं आलं तर ते बहुधा जुगाडू अॅक्टिव्हेटरने केलेलं आहे. अशा अॅक्टिव्हेटरसोबत काय काय आत शिरलंय ते सांगता येत नाही. उपाय सोपा: मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन संपूर्ण डिस्क पुसून नव्याने टाका. ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये विंडोज प्रोची किल्ली बहुधा बायोसमध्येच असते, इंटरनेट जोडलं की ते आपोआप अॅक्टिव्हेट होतं.

रानजाई
कळफलक यांच्या यादीत एक भर, आणि ही सगळ्यात फसवी आहे. मोठ्या कंपन्या आपले लॅपटॉप मायक्रोसॉफ्टकडे 'ऑटोपायलट'मध्ये (कंपनीचे लॅपटॉप दूरून ताब्यात ठेवायची सोय) नोंदवतात. लॅपटॉप भंगारात काढताना ती नोंद काढायची राहून जाते. दुकानात विंडोज आधीच टाकलेलं असतं, सगळं सुरळीत दिसतं. सहा महिन्यांनी फॉरमॅट मारून नव्याने सेटअप करताना इंटरनेट जोडलं की त्या कंपनीचं नाव झळकतं आणि तिथल्या ईमेलने लॉगिन करा म्हणतं. नोंद हार्डवेअरच्या खुणेवर असते, त्यामुळे डिस्क बदलूनही जात नाही. ती फक्त मूळ कंपनीच काढू शकते.

म्हणून शक्य असेल तर दुकानातच विंडोज रीसेट करायला लावा आणि पहिल्या सेटअपमध्ये वायफाय जोडून ते पान येतं का ते बघा. अर्धा तास जातो. तो घालवावा.

पाटावरवंटा
वाचनखूण साठवली. कळफलक आणि रानजाई यांना दंडवत.

हार्मोनियम
डेल घेत असाल तर चार्जरची बारीक गोष्ट. डेलच्या गोल पिनच्या मध्यभागी सुईसारखी आणखी एक पिन असते. त्यातून चार्जर आपले वॉट लॅपटॉपला सांगतो. ती पिन वाकली, तुटली किंवा चार्जर लोकल असला की लॅपटॉप चार्जरला ओळखत नाही. मग दोन गोष्टी होतात: बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर स्वतःला ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास बांधून घेतो. लोक म्हणतात, "लॅपटॉप स्लो झाला, विंडोज खराब आहे," आणि फॉरमॅट मारत बसतात. विंडोजचा काही संबंध नसतो. बायोसमध्ये अडॅप्टरचा प्रकार लिहिलेला असतो. तिथे ६५ वॉट किंवा जास्त दिसलं पाहिजे. 'अननोन' दिसलं तर आधी दुसरा ओरिजिनल चार्जर लावून बघा. तरीही तेच आलं तर मशीनमधली चार्जिंग पिन बदलावी लागते. ती बहुतेक लॅटिट्यूडमध्ये वायरीसकट वेगळी येते, सोल्डरिंग लागत नाही.

७४९० टाइप-सी वरही चार्ज होतो, तोही पोर्ट तपासून घ्या.

डोंगरवाट
आणि टी४८०? सगळीकडे त्याचंच कौतुक ऐकतो.

हार्मोनियम
@डोंगरवाट, कौतुक खरं आहे, खोडही आहे. टी४८० ला गोल पिन नाहीच, चार्जिंग फक्त टाइप-सी मधून. दोन पोर्ट आहेत. त्यातल्या थंडरबोल्टवाल्याच्या (जास्त वेगाच्या पोर्टच्या) जुन्या फर्मवेअरमध्ये (हार्डवेअरच्या आत बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) दोष होता. आतल्या चिपवर तो नोंदी लिहीत राहायचा, ती चिप भरली की पोर्ट आधी डिस्प्ले देणं आणि मग चार्ज करणं सोडायचा. लेनोव्होने फर्मवेअर काढून हे दुरुस्त केलं. पण ते फर्मवेअर पोर्ट जिवंत असेपर्यंतच चढतं. चिप आधीच भरली असेल तर बोर्डावर काम करावं लागतं. म्हणून दोन्ही पोर्टना चार्जर लावून बघा आणि घरी आणल्याच्या पहिल्या दिवशी फर्मवेअर टाका.

त्याची मोठी जमेची बाजू तुमच्या गावासाठीच आहे. त्यात दोन बॅटऱ्या: आतली २४ वॉट-तासांची, आणि मागून सटकन निघणारी २४, ४८ किंवा ७२ ची. आतलीवर मशीन चालू असताना बाहेरची बदलता येते. लाइट गेली, मोठी बॅटरी लावली, काम पुढे. स्क्रीन मात्र बघून घ्या. काही टी४८० १३६६ बाय ७६८ च्या फिक्या टीएन पॅनलचे आहेत. कडेने बघितलं की रंग उलटे दिसतात. कोडिंगला तो पडदा अपुरा, १९२० बाय १०८० चा आयपीएसच घ्या.

डोंगरवाट
हे पटलं. भारनियमनाचा विचार कुणी केलाय असं पहिल्यांदाच वाचतोय. वॉरंटीवरचा माझा हट्ट थोडा सैल करतो.

माळरान
बजेट १२-१३ हजारच असेल तर? सहाव्या जनरेशनचे आय५-६३००यू त्या भावात दिसतात.

सांजवारा
@माळरान, तेही वाया नाहीत, फक्त विंडोजचा हट्ट सोडावा लागतो. रूफस नावाच्या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्ह बनवताना टीपीएम, सिक्युअर बूटची अट काढायची खूण असते, तीने सहाव्या जनरेशनवर विंडोज ११ चढतं. पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनची जबाबदारी घेत नाही आणि वर्षाचा मोठा अपडेट आपोआप येत नाही, दरवेळी पुन्हा पेनड्राइव्ह करून हाताने टाकावा लागतो. विद्यार्थ्याच्या मागे हे लचांड लावू नये असं माझं मत.

त्यापेक्षा लिनक्स मिंट २२. त्याला २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत. ८ जीबी रॅम असेल तर सिनॅमन, ४ असेल तर एक्सएफसीई, ही मिंटचीच दोन रूपं. सी, जावा, पायथन, मायएसक्यूएल यांच्यासाठी तर लिनक्स हे घरचंच अंगण. ६ व्या आणि ७ व्या जनरेशनमधला फरक मुख्यतः व्हिडिओत. सातव्यापासून व्हीपी९ आणि १०-बिट एचईव्हीसी (व्हिडिओ साठवण्याचे प्रकार) पूर्णपणे हार्डवेअरवर चालतं, पंखा शांत राहतो.

कुणी विंडोज ७ वाला स्वस्त डबा दाखवला तर मात्र घेऊ नका. क्रोमची १०९ ही त्यावरची शेवटची आवृत्ती होती. बँका आणि सरकारी साइट्स एकेक करून तिथे उघडायच्या बंद होतात.

बोरू
मराठी टायपिंगचा मुद्दा मागे पडलाय, तो मी घेतो.

विंडोज १० आणि ११ दोन्हींत मराठीचा फोनेटिक (उच्चाराप्रमाणे टाइप करायचा) कळफलक अंगभूत आहे, २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून. वेगळं काही टाकायची गरज नाही. सेटिंग्जमध्ये भाषा, मराठी, कीबोर्ड जोडा, त्यात फोनेटिक निवडा.

लिनक्सवर आयबस (वेगवेगळ्या भाषांत टायपिंगची सोय) आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाका. त्यात मराठीसाठी इनस्क्रिप्ट (सरकारी मानक कळफलक) आहे, आणि ज्यांची बोटं आपल्या मराठी संकेतस्थळांवर घडली त्यांच्यासाठी चक्क 'गमभन' (रोमन अक्षरांतून मराठी टाइप करायची पद्धत) सुद्धा आहे. टाकल्यावर एकदा लॉगआउट करायला विसरू नका, नाहीतर यादीत दिसत नाही आणि माणूस पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतो.

अडचण येते ती जुन्या फाँटमध्ये. श्रीलिपी किंवा कृतीदेव मध्ये टाइप केलेली फाइल उघडली की अक्षरांऐवजी चिन्हांचा भाजीपाला दिसतो. हा दोष लॅपटॉपचाही नाही आणि ऑपरेटिंग सिस्टीमचाही. त्या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि नवं सगळं युनिकोडमध्येच टाइप करावं.

माळरान
@बोरू, गमभन लिनक्सवर आहे हे माहीत नव्हतं. आजच टाकतो. पण घरी टॅलीही लागतं.

सांजवारा
मग लिनक्स नको. टॅली विंडोजवरचं सॉफ्टवेअर आहे. ऑटोकॅडही लिनक्ससाठी नाही. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनीही विंडोजवरच राहावं, त्यांच्या युटिलिटी विंडोज धरूनच बनलेल्या असतात. तुमच्यासाठी आठव्या जनरेशनपर्यंत पैसे साठवणं हाच मार्ग.

काथ्याकूट
अवांतर: जुनं मॅकबुक एअर? २०१७ चं मिळतंय, दिसतं झकास.

ट्रान्झिस्टर
दिसतं झकास, पण नको. पाचव्या जनरेशनचा दोन कोअरचा प्रोसेसर, ८ जीबी सोल्डर केलेली रॅम, आणि त्यावर मॅकओएस मॉन्टेरीच्या पुढे जात नाही. त्या पैशांत आठव्या जनरेशनचा ऑफिस लॅपटॉप येतो.

निरगुडी
सगळ्यांचे आभार. आज दुकानात जाऊन दीड तास काढला. ७४९० चे आकडे असे:
टास्क मॅनेजरमध्ये कोअर ४, लॉजिकल ८.
बायोस उघडतं, पासवर्ड नाही, सेव्ह होतं. अडॅप्टर ६५ वॉट दिसतो.
बॅटरी: डिझाइन ६०,०००, फुल चार्ज ३८,४०० मिलिवॉट-तास.
एसएसडी हेल्थ ९१ टक्के.
रॅम ८ ची एकच पट्टी, दुसरी खाच रिकामी.
एसएलएमजीआरने संपण्याची तारीख दाखवली.
रीसेट करायला दुकानदार तयार आहे, उद्या या म्हणाला.
स्क्रीनवर खालच्या उजव्या कोपऱ्यात, पांढऱ्या पानावर, नखाएवढा फिकट डाग आहे. काळ्या पानावर दिसत नाही. घ्यावा का?

कळफलक
बॅटरी ६४ टक्के, म्हणजे चालण्यासारखी. वर्ष-दीड वर्षाने बदलावी लागेल, त्याचे पैसे बाजूला ठेवा. डाग हा दाबामुळे पडलेला. बॅगेत लॅपटॉपवर पुस्तकं ठेवली की असा पडतो. तो सहसा पसरत नाही, पण त्याचं निमित्त करून भाव कमी करा किंवा ८ ची दुसरी पट्टी त्याच किमतीत मागा.

रानजाई
उद्या रीसेट करताना विंडोज ११ च टाकायला लावा, म्हणजे लायसन्स आणि ऑटोपायलट दोन्ही एकाच बैठकीत कळतील. बायोसमध्ये बूट मोड यूईएफआय (मशीन सुरू होण्याची नवी पद्धत), सिक्युअर बूट चालू, टीपीएम २.० चालू आहे ना ते आधी बघा. जुना डेटा नाहीच, त्यामुळे इन्स्टॉल करताना सगळी पार्टिशनं डिलीट करून रिकाम्या जागेवर टाका. डिस्क आपोआप जीपीटी (यूईएफआयला लागणारी डिस्कची मांडणी) होते. वायफाय जोडा आणि पाच मिनिटं थांबा. कंपनीचं नाव आलं नाही आणि अॅक्टिव्हेशन कायमचं दिसलं तर पैसे द्या.

हार्मोनियम
बिलावर सर्व्हिस टॅग (डेलचा ओळख क्रमांक) लिहून घ्या, मशीनच्या पोटावर असतो. वॉरंटीच्या वेळी "हे आमच्याकडचं नाही" असं कुणी म्हणू शकत नाही. आणि घरी आणल्यावर दहा मिनिटं प्रोसेसरवर पूर्ण भार देऊन बघा. तापमान लगेच ९५ अंशांच्या वर जाऊन वेग पडत असेल तर थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) सुकली आहे. खालचं झाकण, पंखा, हीटसिंकचे चार स्क्रू, जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी. तीन महिन्यांच्या आत असल्याने दुकानदाराकडूनच करून घ्या.

निरगुडी
झालं. विंडोज ११ टाकून घेतलं, कुठल्याही कंपनीचं नाव आलं नाही, अॅक्टिव्हेशन कायमचं दाखवतंय. डागाच्या बदल्यात ८ ची दुसरी पट्टी मिळाली, १६ जीबी झाले. सर्व्हिस टॅग बिलावर आहे. तापमानाची तपासणी आज रात्री करतो.

डोंगरवाट
अभिनंदन! तापमानाचे आकडे इथेच टाका. माझ्याकडेही आता टी४८० बघायचं चाललंय.